दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड : तपासणीच्या दिवसाचे तुमचे अनुभव लिहा

लहानपणी पोलिओ झाल्यापासून माझा उजवा पाय अधू आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्रासाठी, सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायला फार वेळ लागला नाही. तपासणीच्या दिवसाबद्दल मात्र कुणीच काही सांगितलं नव्हतं. केसपेपर एका इमारतीत, हाडांचे डॉक्टर दुसरीत, आणि मधे उतार नसलेल्या चौदा पायऱ्या. सोबत कुणाला तरी न्यायला हवं होतं, हे तिथे पोचल्यावर कळलं. पुढच्यांना आधीच कळावं म्हणून हा धागा. तुमच्या बाबतीत काय झालं, काय जवळ असतं तर बरं झालं असतं, ते जरूर लिहा.

•

बाबांना पार्किन्सन्स आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले आणि त्यात पार्किन्सन्स आला. आम्हाला हे कळलं तेव्हा बाबांचा आजार बराच पुढे गेला होता.

तपासणीच्या दिवशी मी सवयीप्रमाणे निघताना त्यांना गोळी दिली. नंबर लागला तेव्हा गोळीचा असर अगदी भरात होता. बाबा खुर्चीतून स्वतः उठले, चार पावलं नीट चालले, सहीसुद्धा बरी केली. डॉक्टर म्हणाले, "चांगले चालतात की." तासाभरानंतर हेच बाबा बाहेरच्या बाकावरून दोघांनी धरल्याशिवाय उठेनात. अपंगत्वाची टक्केवारी चाळीसच्या खाली आली. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात.

आम्ही फेरतपासणी मागितली. त्या वेळी न्यूरॉलॉजिस्टकडून गोळ्यांच्या वेळा आणि दोन गोळ्यांच्या मधली अवस्था लिहून घेतली, दिवसभराची नोंदवहीही नेली. दुसऱ्या डॉक्टरांनी ती पानं शांतपणे वाचली आणि बाबांना विचारलं, "रात्री कूस बदलता येते का?" तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं. बाबा रडले. गोळी चुकवून नेऊ नका, त्यात धोका आहे. वाईट तासांची नोंद मात्र लेखी न्या.

•

मुलगी चार वर्षांची, जन्मतः ऐकू येत नाही. तिची बेरा तपासणी (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी) आधीच झाली होती, तरी अहवाल जुना म्हणून परत पाठवलं. जाण्याआधी फोन करून तारखेचं विचारून घ्या.

•

मला कमी दिसतं आणि डाव्या हातात ताकद नाही. एकाचे ४०, दुसऱ्याचे ३०, म्हणजे ७० मिळतील असं धरून बसलो होतो. पण सरळ बेरीज करत नाहीत. मोठा आकडा पूर्ण घेतात. नव्वदातून तो वजा करून जे उरतं, त्याला लहान आकड्याने गुणून नव्वदने भागतात आणि ते मोठ्यात मिळवतात. माझे साधारण ५७ झाले. कार्ड पिवळं आलं. निळं ८० पासून मिळतं. आधी माहीत असतं तर त्या खिडकीपाशी वाद घातला नसता. तिथल्या ताईंची मी नंतर माफी मागितली.

•

आमचा प्रश्न पार्किंगचा होता. आई व्हीलचेअरवर असते. गाडीचं दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची लावायची तर नेहमीची जागा पुरत नाही. २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा जागेची रुंदी ३.६ मीटर दिली आहे. सोसायटीच्या सभेत आईच्या कार्डाची झेरॉक्स आणि ते पान, दोन्ही ठेवलं. पहिल्या सभेत "मग सगळेच मागतील" असं ऐकावं लागलं आणि आई आठवडाभर खाली उतरली नाही. दुसऱ्या सभेत तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले आणि लिफ्टजवळची स्वतःची जागा देतो म्हणाले. आता दोन जागांमधली पट्टी पुसून एक रुंद जागा केली आहे. आई रोज संध्याकाळी बाहेर पडते.