प्रतिसाद: दक्षिण मुंबई म्हणजे फक्त मलबार हिल नव्हे

'दक्षिण मुंबई म्हणजे शेठजींचा आणि देवरांचा मतदारसंघ' हे वर कुणीतरी लिहिलंय ते अर्धंच खरं. काँग्रेसचे मुरली देवरा इथून लोकसभेवर चार वेळा निवडून आले (१९८४, ८९, ९१, ९८), त्यांचा मुलगा मिलिंद दोनदा. पण ९६ आणि ९९ साली जयवंतीबेन मेहतांनी भाजपसाठी ही जागा काढली होती. त्याआधी ७७ आणि ८० ला जनता पक्षाचे रतनसिंह राजदा होते.

खरी गंमत १९६७ ची. काँग्रेसचे स. का. पाटील म्हणजे मुंबईचे अनभिषिक्त सम्राट, तीन वेळा महापौर, केंद्रात मंत्री. त्यांना टॅक्सीवाल्यांच्या आणि पालिका कामगारांच्या पुढाऱ्याने, जॉर्ज फर्नांडिसने, पाडलं! बंगल्यांच्या मतांवर हे कसं होईल? चाळी, गोदी, बाजारपेठा तेव्हाही याच भागात होत्या.

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत वरळी, शिवडी, भायखळा आत आले आणि गिरणगावाचं, म्हणजे गिरणी कामगारांच्या मराठी वस्तीचं, वजन वाढलं. म्हणून तर २००९ ला मनसेचे बाळा नांदगावकर दुसऱ्या क्रमांकावर, आणि २०१४ पासून सलग तीनदा शिवसेनेचे (२०२४ ला ठाकरे गटाचे) अरविंद सावंत निवडून आले. कुलाबा, मलबार हिलची नावं फक्त बातम्यांत जास्त दिसतात.