मुलंच येत नाहीत?

बेकार तरुणांसाठी "योजना भरपूर आहेत, मुलंच येत नाहीत" असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. युरोपीय संघाची 'यूथ गॅरंटी' घ्या. २०१३ साली ठरलं की शिक्षण किंवा नोकरी सुटल्यापासून ४ महिन्यांच्या आत २५ वर्षांखालच्या प्रत्येकाला नोकरी, पुढचं शिक्षण, उमेदवारी (काम करत शिकणं) किंवा प्रशिक्षण देऊ करायचं. २०२० मध्ये वयाची अट ३० पर्यंत नेली. छानच. पण प्रत्यक्षात हे महिने बहुतेक ठिकाणी मोजतात नाव नोंदवल्यापासून! म्हणजे जो कचेरीची पायरीच चढला नाही, त्याचं घड्याळ सुरूच होत नाही. घर सुटलेली, सरकारी कागदांचा धसका घेतलेली मुलं नेमकी इथेच निसटतात. त्यांना हुडकायला रस्त्यावर, मैदानावर जाणारा कार्यकर्ता लागतो, आणि तोच बहुधा अल्पमुदतीच्या कंत्राटावर. पोरांचा विश्वास बसेपर्यंत हा गेलेला असतो.