मदत हवी आहे: संस्थेचे लेख आणि दुकान एकाच साइटवर

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका संस्थेची साइट नव्याने बांधायची आहे. सध्या लेख वर्डप्रेसवर आणि बचत गटांच्या वस्तू (टसर, बांबू, जवसाची चटणी) वेगळ्या सबडोमेनवर. आता एकाच वर्डप्रेसवर वूकॉमर्स (दुकानाचं प्लगिन) टाकायचं ठरलंय. विणकामाच्या लेखाखालीच टसरचा दुपट्टा दिसावा. जुन्या पत्त्यांना ३०१ रिडायरेक्ट (नव्या पत्त्याकडे कायमचं वळवणं) लावतोय.

अडचण कॅशेची (पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रतींची). कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही पानं कॅशेतून वगळली आहेत, नाहीतर एकाची कार्ट दुसऱ्याला दिसायची. तरी कॅशे झालेल्या लेखांवर वरच्या पट्टीतला कार्टचा आकडा जुनाच राहतो. कार्ट फ्रॅगमेंट्स (कार्टचा आकडा ताजा करणारी वूकॉमर्सची सोय) चालू केलं की आकडा बरोबर येतो, पण कॅशेला वळसा घालून अजॅक्स विनंत्या (पान उघडं असताना मागून जाणाऱ्या) थेट सर्व्हरवर जातात. शेअर्ड होस्टिंगला (अनेक साइट्सच्या सामायिक सर्व्हरला) हे झेपेल का? की लेखांवर नुसतं चिन्ह ठेवून आकडाच काढावा?

दुसरं, देणगी त्याच चेकआउटमधून घ्यावी का? माझ्या मते नको. देणगीला ८०जी (आयकर सवलतीची) पावती आणि त्यासाठी पॅन. विक्रीला बिल, लागू असेल तिथे जीएसटी. एकाच ऑर्डरमध्ये दोन्ही आले की रिफंड गुंततो, सीए वैतागतात ते वेगळंच. पेमेंट गेटवे एकच ठेवून देणगीचा फॉर्म वेगळा कुणी केलाय का? कोणत्या प्लगिनने?