सल्ला हवा: सुटे भाग शांत, जोडले की घुमतात. मॉडेलमध्ये हे दिसत का नाही?

खटपट्या:
मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. आम्ही चौघे मिळून सामान वाहणारी एक स्वयंचलित गाडी बनवतोय. ४८ व्होल्टची बॅटरी, तिच्यापुढे एलसी फिल्टर (इंडक्टर आणि कपॅसिटरची गाळणी), त्याच्यापुढे दोन कन्व्हर्टर (व्होल्टेज बदलून ठरलेला देणारी सर्किटं). एक संगणक आणि सेन्सरसाठी, दुसरा मोटर-ड्राइव्हसाठी. दोन्ही मिळून ९६ वॉट खेचतात. फिल्टरचा इंडक्टर १०० मायक्रोहेन्री. कपॅसिटर सिरॅमिक, व्होल्टेज लावून मोजले तर १०० मायक्रोफॅरड भरतात. इंडक्टर, तारा, कनेक्टर असा सगळा रोध धरून ५० मिलिओहम.

प्रत्येक कन्व्हर्टर टेबलावर वेगवेगळा तपासला. फेज मार्जिन (अस्थिर होण्याआधी उरलेली फेजची जागा) ५५ अंशांच्या वर, लोड अचानक बदलला तरी दोन हेलकाव्यांत ताळ्यावर येतो. बॅटरी भरलेली असेपर्यंत गाडीसुद्धा गुणी बाळासारखी वागते. पण बॅटरी उतरत ४३ व्होल्टच्या आसपास आली की फिल्टरवर १.६ किलोहर्ट्झचं दोलन सुरू होतं. स्कोप लावायचीही गरज नाही, सिरॅमिक कपॅसिटर शिट्टी मारतात. आणि एकदा तर ४६ व्होल्टलाच मोटर झटक्यात सुरू केली तेव्हा शिट्टी सुरू झाली ती वीज तोडेपर्यंत थांबली नाही.

सिम्युलिंकमध्ये (संगणकावरच्या मॉडेलिंगच्या साधनात) मात्र ४८, ४३, ४०, काहीही ठेवा, रेघ सरळच्या सरळ. पूर्ण प्रणालीचं मॉडेल करायची योग्य रीत कोणती? परवाना संपत आलाय, तेव्हा फुकटातलं दुसरं साधन चालेल. आणि लायपुनोव्हचा स्थिरतेचा सिद्धान्त वगैरे शिकल्याशिवाय सुटका नाही का?

उंटावरचा:
कपॅसिटर दुप्पट करा. विषय संपला.

ध्रुवतारा:
खटपट्या, उत्तर द्यायच्या आधी दोन प्रश्न. मॉडेलमध्ये कन्व्हर्टरच्या जागी काय ठेवलंय? आणि सॉल्व्हर (समीकरणं पायरीपायरीने सोडवणारी पद्धत) कोणता, स्टेप किती?

खटपट्या:
कन्व्हर्टरच्या जागी रोध. ४८ व्होल्टला ९६ वॉट म्हणजे २४ ओहम, तोच टाकलाय. सॉल्व्हर सिमस्केपचा (सिम्युलिंकचीच जोड) लोकल, बॅकवर्ड ऑयलर, ५० मायक्रोसेकंद. बाकीचे अडखळत होते, हा निमूट चालला.

ध्रुवतारा:
निमूट चालला हीच तर गोम आहे.

आधी लोडचं बघू. तुमचा कन्व्हर्टर स्वतःचं काम चोख करतो, आउटपुटला ठरलेला व्होल्टेज म्हणजे ठरलेलाच. मग इनपुटचा व्होल्टेज जरा पडला तर तो काय करेल? तेवढेच ९६ वॉट पुढे द्यायचेत म्हणून जास्त करंट ओढेल. रोध याच्या उलट वागतो, व्होल्टेज पडला की करंट कमी घेतो. म्हणजे छोट्या चढउतारांपुरता तुमचा लोड ऋण रोध आहे, आणि त्याची किंमत उणे व्ही वर्ग भागिले पी (व्ही म्हणजे व्होल्टेज, पी म्हणजे वॉट). ४८ व्होल्टला ती उणे २४ ओहम. तुम्ही टाकलेत अधिक २४. आकडा बरोबर, चिन्ह उलटं. प्रत्यक्षात जो भाग दोलनाला खतपाणी घालतो तोच तुमच्या कागदावर दोलन शमवत बसलाय.

आता दोन अवस्था घ्या, इंडक्टरचा करंट आणि कपॅसिटरचा व्होल्टेज. रेखीय करून (छोट्या चढउतारांपुरतं सरळ रेषेत बसवून) पाहिलं की स्थिरतेची अट एका ओळीत बसते: मालिकेतला रोध हा एल (इंडक्टर) गुणिले पी भागिले सी (कपॅसिटर) गुणिले व्ही वर्ग यापेक्षा मोठा हवा. तुमच्याकडे एल भागिले सी बरोबर १ येतो, हिशेब तोंडी होतो. ४८ व्होल्टला किमान ४२ मिलिओहम लागतात, तुमच्याकडे ५० आहेत, निभावलं. ४० व्होल्टला ६० लागतात, तिथे गेलात. सीमारेषा ४३.८ व्होल्टवर पडते. तुम्हाला दिसलं ४३ ला. मधला फरक कपॅसिटरच्या स्वतःच्या दोनेक मिलिओहममध्ये मुरलेला असणार. दोलनाची वारंवारता एलसीवरून १.५९ किलोहर्ट्झ येते, म्हणजे तुमची शिट्टी.

दोन्ही कन्व्हर्टर आपापल्या जागी निर्दोष आहेत, फिल्टरही निर्दोष आहे. भांडण सांध्यात आहे. फिल्टरचा आउटपुट इम्पीडन्स (वारंवारतेनुसार बदलणारा रोध) आणि कन्व्हर्टरचा इनपुट इम्पीडन्स यांची तुलना करून सांधा तपासायचा निकष अभियंते मिडलब्रुक यांनी १९७६ मध्येच मांडला. फिल्टरचा इम्पीडन्स कन्व्हर्टरच्या इनपुटपेक्षा सगळीकडे बराच लहान ठेवा, म्हणजे प्रत्येकाची वेगळी तपासणी जोडल्यावरही लागू राहते. हा निकष जरा जास्तच सावध आहे, पण सुरुवातीला सावधच बरा.

आता सॉल्व्हर. बॅकवर्ड ऑयलर स्वतःच्या खिशातून अवमंदन (दोलन शमवणारा परिणाम) घालतो. ५० मायक्रोसेकंदांच्या स्टेपला १.५९ किलोहर्ट्झचं अजिबात न शमणारं दोलन दिलंत तर एका आवर्तनात ते चौथा हिस्सा उरतं. तुम्ही चिन्ह सुधारलं असतं तरी रेघ सरळच दिसली असती! बरं, स्टेप १ मायक्रोसेकंद केली तरी दर आवर्तनाला ३ टक्के खातो. ४० व्होल्टला तुमचं खरं दोलन वाढतं तेही दर आवर्तनाला सुमारे ३ टक्क्यांनीच. काट्यावर काटा. फॉरवर्ड ऑयलरचं उलट आहे, तो स्थिर प्रणालीलाही घुमवून दाखवेल. ट्रॅपिझॉइडल घ्या, नाहीतर चांगला व्हेरिएबल स्टेप सॉल्व्हर टॉलरन्स घट्ट करून वापरा. एक सवयच लावून घ्या: स्टेप निम्मी करा आणि दोलनाचा शमण्याचा वेग बदलतो का बघा. बदलला तर तुम्ही यंत्र बघत नाही आहात, सॉल्व्हर बघताय.

उंटावरचे साहेब चुकलेले नाहीत हेही सांगतो. सी दुप्पट केला की ४० व्होल्टला लागणारा रोध ३० मिलिओहमवर येतो, शिट्टी जाईल. उंटावरून आलेला सल्ला इतका नेमका क्वचितच असतो. पण उद्या तिसरा कन्व्हर्टर जोडलात, पी दुप्पट झाला, की शिट्टी परत.

उंटावरचा:
उंटावरून लांबचं दिसतं. 😄

सांदीकोपरा:
ध्रुवतारा यांच्याशी सहमत, एक दुरुस्ती फक्त. कन्व्हर्टर ठरलेल्या वॉटचा लोड म्हणून वागतो तो त्याच्या कंट्रोल लूपच्या आवाक्यापुरताच. लूपचा क्रॉसओव्हर (ज्या वारंवारतेपर्यंत तो पुरा पडतो) समजा ५०० हर्ट्झ असेल तर १.६ किलोहर्ट्झला तो इतका चपळ नसतो, आणि ऋण रोधाचं मॉडेल उगाच घाबरवतं. खटपट्यांचा हिशेब इतका जुळतोय म्हणजे त्यांचे लूप चांगलेच जलद असणार. तरी डेटाशीटवर विसंबू नका, इनपुट इम्पीडन्स मोजा.

मोटरच्या बाजूला डिजिटल कंट्रोलर असेल तर उशीरही मॉडेलमध्ये घाला. लोक हटकून विसरतात. १ मिलिसेकंदाचा उशीर १०० हर्ट्झला ३६ अंश फेज खातो. ५५ अंशांच्या मार्जिनमधून ३६ गेले की उरलं काय?

अवमंदक:
माझं सगळं आयुष्य मोठ्या वीजजाळ्यांत गेलं, म्हणून तिकडचा एक किस्सा. १० ऑगस्ट १९९६ ला उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या जाळ्यात सुमारे चार सेकंदांना एक अशी दोलनं वाढत गेली आणि जाळं तुटून त्याची चार बेटं झाली. लाखो घरं अंधारात. नंतर अभियंत्यांनी त्या दिवसाची परिस्थिती प्रमाण मॉडेलमध्ये घातली तर मॉडेल म्हणालं, काही झालं नाही, दोलनं शमतात. खटपट्यांची सरळ रेघ, फक्त अर्ध्या खंडाएवढी. लोड, टर्बाइनचा वेग सांभाळणारे गव्हर्नर आणि डीसी वाहिनी यांची मॉडेलं बदलली तेव्हा कुठे कागदावर तीच दोलनं उमटली. तेव्हापासून मी कुणाचंही मॉडेल उघडलं की आधी लोड बघतो. जनरेटरवर लोकांनी महिने घालवलेले असतात, लोड दुपारच्या चहानंतर भरलेला असतो.

लंडनचा मिलेनियम पूलही याच जातीचा. जून २००० मध्ये उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. रिकामा पूल स्थिर होता. चालणारी माणसं डोलणाऱ्या पुलाशी नकळत जुळवून पावलं टाकतात, आणि त्यांचा आडवा जोर पुलाच्या वेगाच्या दिशेने पडतो, म्हणजे पुन्हा ऋण अवमंदन. ठरावीक संख्येपर्यंत पूल गप्प, थोडी माणसं वाढली की एकदम झुलायला लागतो. तुमचे वॉट तीच त्याची माणसं. उपाय म्हणून डॅम्पर बसवले आणि २००२ मध्ये पूल पुन्हा उघडला.

साधनांचं म्हणाल तर एवढ्या सर्किटला एलटीस्पाइस पुरे, फुकट आहे आणि ट्रॅपिझॉइडल पद्धत त्यात आहेच. स्विचिंग दाखवू नका, कन्व्हर्टरचं सरासरी मॉडेल घ्या, नाहीतर रेखीय करताना फसाल. मोटर, चाकं, उतार असं सगळं एकत्र आणायचं असेल तर ओपनमॉडेलिका. तिथे समीकरण जसं आहे तसं लिहायचं, कोण इनपुट कोण आउटपुट हे आधी ठरवावं लागत नाही, आणि रेखीय मॉडेल काढूनही मिळतं. ते पायथनच्या कंट्रोल लायब्ररीत घाला, आयगेनव्हॅल्यू (दोलन शमेल की वाढेल ते सांगणारे आकडे) बघा. अवस्था वीस-पंचवीस झाल्या की नुसती आयगेनव्हॅल्यू कामाची नाही, त्या दोलनात कुठल्या अवस्थेचा किती वाटा आहे तेही काढा. नाहीतर दोष फिल्टरचा आणि तुम्ही मोटरचे गेन पिळत बसाल. मी बसलो आहे.

ध्रुवतारा:
लायपुनोव्ह राहिलाच. ४६ व्होल्टला झालं ते आयगेनव्हॅल्यू सांगणार नाही. तिथे सगळे पोल (म्हणजे त्याच आयगेनव्हॅल्यू) डावीकडे, स्थिर बाजूला आहेत, पण ते छोट्या धक्क्यांपुरतं. मोठ्या धक्क्यात व्होल्टेज खोल जातो, व्होल्टेज कमी तितका ऋण रोध जास्त जहाल, आणि प्रणाली परतीच्या टापूबाहेर जाते. लायपुनोव्हचं फलन त्या टापूचा अंदाज देतं, तोही बहुधा कंजूष. दोनच अवस्था आहेत तोवर शिकायला थांबू नका. करंट-व्होल्टेजच्या पटावर शंभरेक सुरुवातीचे बिंदू टाका, प्रत्येकातून सिम्युलेशन सोडा, परत येणारे हिरवे आणि न येणारे लाल रंगवा. सीमा डोळ्यांना दिसते. ४६, ४५, ४४ असं करत गेलात की हिरवा भाग आक्रसताना दिसेल.

उपाय म्हणाल तर मालिकेत रोध वाढवू नका, वॉट जळतील. सिरॅमिकला समांतर एक शाखा द्या, त्यात सीच्या चौपट किंवा जास्त इलेक्ट्रोलिटिक आणि त्याच्या मालिकेत एल भागिले सीच्या वर्गमुळाएवढा रोध. तुमच्याकडे ४७० मायक्रोफॅरड आणि १ ओहम. डीसी करंट त्यातून जात नाही, त्यामुळे तोटा नगण्य.

खटपट्या:
मंडळी, दंडवत. रोध काढून ठरलेल्या वॉटचा स्रोत टाकला, एलटीस्पाइसमध्ये ट्रॅपिझॉइडल लावलं. ४३.७ ला दोलन सुरू! इतका आनंद यंत्र चालल्यावरही झाला नव्हता. लाल-हिरवा पटही केला, ४४ ला हिरवा ठिपका टिकलीएवढा उरतो.

मग ४७० आणि १ ओहमची शाखा प्रत्यक्ष डकवली. बॅटरी ४० व्होल्टपर्यंत उतरवली, मोटर झटक्यात दहादा सुरू केली. शिट्टी नाही. आणि एक कबुली. आधीच्या बोर्डावर इलेक्ट्रोलिटिकच होता, जागा वाचवायला आम्हीच तो काढून सिरॅमिक बसवले होते. तेव्हा सगळं सुरळीत होतं.

सांदीकोपरा:
त्या इलेक्ट्रोलिटिकचा अंगचा रोध फुकटात अवमंदन देत होता. आता उलटी बाजू तपासा. थंडीत तो रोध बराच वाढतो, १ ओहमवर आणखी काही ओहम चढले की शाखा ढिली पडते. मॉडेलमध्ये १, ३, ५ ओहम घालून बघा.

खटपट्या:
घातले. ५ ला शमायला वेळ लागतो, पण शमतंय. बोर्ड रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलाय, उद्या स्कोपचे आकडे टाकतो.