बुलेटचा क्लच हाताला जड जातोय, काय करू?

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी. गाडी १९८४ ची बुलेट ३५०, वडिलांची, गिअर उजव्या पायाला. माझं वय ६३, डाव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात. पहाटे त्र्यंबकच्या रस्त्याला काही वाटत नाही, पण नाशिकच्या द्वारका चौकात क्लच धरून उभं राहिलं की बोटं थरथरतात. परवा लिव्हर निसटला, गाडी उडी मारून बंद. मागचा रिक्षावाला काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मेकॅनिक म्हणतो क्लचच्या स्प्रिंगा ढिल्या करू, मुलगा म्हणतो विकून टाका. दुसरं तर होणे नाही.

सातपूरचा फिटर:
काका, स्प्रिंगांना हात लावू देऊ नका. ढिल्या केल्या की क्लच स्लिप होणार. कसारा चढताना इंजिन नुसतं ओरडेल, गाडी जागची हलणार नाही आणि प्लेटा जळतील त्या वेगळ्याच. आधी गिअरबॉक्सकडून केबल सोडा आणि नुसती हाताने मागेपुढे ओढा. तीच अडकत असेल तर स्प्रिंगांचा काय दोष? बहुतेकदा टाकीखाली कुणीतरी ती आवळून बांधलेली असते, हॅण्डल वळलं की मुडपते. आत नायलॉनची नळी असलेली नवी केबल टाका, ऐसपैस बाक द्या, लिव्हरच्या पिनला ग्रीस. लिव्हरला २-३ मिमी खेळ (सैलपणा) ठेवा. गिअरबॉक्सकडे केबल ज्याला ओढते तो आर्म लांब करून देणारेही भेटतील. हलकं होतं, पण प्लेटा तेवढ्या उघडत नाहीत, मग पहिला गिअर खाडकन पडतो. आणि त्या जाड फोमच्या ग्रिपा बसवल्या असतील तर काढा, लिव्हर बोटांपासून लांब जातो.

येझदी२५०:
आमच्या येझदीत गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो, चालत्या गाडीला हात लावावाच लागत नाही. (जळा!) पण तुमच्या बुलेटला न्यूट्रलचा खटका आहे की, थेट न्यूट्रलमध्ये टाकणारा वेगळा छोटा दांडा! सिग्नल लांबून लाल दिसला की दुसऱ्या-तिसऱ्यात असतानाच क्लच दाबून टाचेने तो मारा. पहिल्यातून लागत नाही, म्हणून आधीच. चौकात हात मोकळा.

गंगापूररोडकर:
रविवारी टाकी उतरवली. केबल प्लास्टिकच्या पट्टीने फ्रेमला करकचून बांधलेली. मेकॅनिकला फोन लावणार होतो, तेवढ्यात आठवलं, पट्टी गेल्या दिवाळीत मीच मारली होती. कापली. निम्मं काम तिथेच झालं. केबल उद्या आणतो, खटक्याची सवय चालू आहे.