लॅटिनमधला पर्ल

प्रोग्रॅमिंगच्या भाषांत शब्द जागचा हलला की सगळं मुसळ केरात, एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या भाषेसारख्या विभक्ती तिथे नाहीत, असं म्हणतात आणि ते बहुतांशी पटतं. पण एक अपवाद आहे, आणि तो भारी आहे. ऑस्ट्रेलियातल्या डेमियन कॉनवे यांनी २००० च्या सुमारास पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी ‘पर्लिगाता’ नावाचं मॉड्यूल, म्हणजे जोडपुरवणी, लिहिलं. त्यात अख्खा प्रोग्रॅम लॅटिनमध्ये!

एरवी बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे जे असेल त्यात किंमत जाते. इथे ते प्रत्ययावर ठरतं. ज्या चलात (किंमत ठेवायच्या, नाव दिलेल्या जागेत) भरायचं ते चतुर्थीत, जे भरायचं ते द्वितीयेत आणि क्रियापद ‘दा’, म्हणजे दे. ‘मॅक्सिमो’ लिहिलं की त्याला द्यायचं, ‘मॅक्सिमुम’ लिहिलं की त्यातली किंमत घ्यायची. मग शब्द बरेचसे मागेपुढे झाले तरी बिघडत नाही. ‘रामाला पुस्तक दे’ काय नि ‘पुस्तक दे रामाला’ काय, आपल्याला त्याचं नवल नाहीच.

एस्पेरांतोत मात्र हा खेळ एवढा रंगला नसता. तिथे द्वितीयेचा ‘न’ तेवढा प्रत्यय. बाकीची कामं ‘अल’ (ला), ‘दे’ (चा) असे सुटे शब्द करतात.

पर्लिगाता रोजच्या कामाला अर्थात निरुपयोगी. त्यात आकडेही रोमन आहेत.