वहाळाच्या पाण्याच्या नोंदी दोन वाड्यांनी मिळून कशा ठेवाव्यात? मार्गदर्शन हवे आहे

सस्नेह नमस्कार.

आमचे गाव राजापूर तालुक्यात, सड्याच्या (जांभ्या खडकाच्या सपाट पठाराच्या) उतारावर आहे. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही एप्रिलमध्ये खालच्या वाडीच्या विहिरी तळ गाठतात. जांभा पाणी चटकन पितो आणि तितक्याच चटकन सोडतो. खालच्या चिकण थरावर अडलेले पाणी, तो थर उतारावर जिथे उघडा पडतो तिथे झऱ्याने बाहेर येते आणि वहाळातून खाडीला मिळते.

भातकापणी आटोपली की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून आम्ही श्रमदानाने वहाळावर वनराई बंधारे घालतो. वरच्या वाडीच्या बंधाऱ्यामुळे आपल्या विहिरी लवकर आटतात, असे खालच्या वाडीचे म्हणणे आहे, तर त्या विहिरींना पाणी सड्याच्या झिरपीचे येते, वहाळाचे नव्हे, असे वरची वाडी सांगते. दोन्हीकडची जाणती माणसे वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहिलेलेच बोलत असल्यामुळे यापैकी कोणाचेही म्हणणे उडवून लावणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून दोन्ही वाड्यांनी मिळून मोजणी करायचे ठरवले आहे आणि जवळच्या महाविद्यालयातील भूगोलाचे प्राध्यापक मदतीस तयार आहेत. दर रविवारी पहाटे, कोणी पाणी शेंदण्यापूर्वी, कठड्यावरच्या रंगाच्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजायचे आणि झऱ्याला पोफळीची पन्हळ लावून बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाहायचे, एवढे आम्हाला जमेल. (१० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली, तर झरा मिनिटाला १५ लिटर देतो.) प्रत्येक मोजणीला दोन्ही वाड्यांतला एकेक माणूस हजर असावा, असा माझा आग्रह आहे.

अडचण पुढे आहे. पाऊस दरवर्षी सारखा पडत नाही, मग विहिरीतला फरक बंधाऱ्यामुळे पडला की पावसामुळे, हे कसे ओळखावे? वहाळापासून लांबची, पण त्याच सड्याखालची एखादी विहीर तुलनेसाठी मोजली तर पुरेल का, की एखाद्या वर्षी वरचा बंधारा काही आठवडे उशिरा घालावा लागेल? तसे करायचे झाल्यास वरच्या वाडीच्या भाजीपाल्याचे नुकसान कोणी सोसावे, हेही आधी ठरायला हवे. पाण्यातील क्षार मोजून झिरपीचे आणि वहाळाचे पाणी वेगळे ओळखता येते का?

दुसरा प्रश्न मला अधिक नाजूक वाटतो. विहिरी खासगी आहेत, आणि २००९ च्या भूजल अधिनियमाविषयी ऐकल्यापासून, आपल्याच नोंदी दाखवून उद्या उपशावर बंधने येतील, अशी भीती काही घरांना वाटते. मूळ वही कोणाकडे असावी, प्राध्यापकांनी निष्कर्ष छापण्यापूर्वी ते ग्रामसभेत वाचून दाखवावेत का, आणि एखाद्या घराने मध्येच माघार घेतली तर त्याच्या जुन्या नोंदींचे काय करावे, यांविषयी लेखी करार कोणी केला असल्यास त्यातील कलमे कृपया येथे द्यावीत. बंधारे घालायला सुरुवात होण्यापूर्वी ग्रामसभेपुढे मसुदा ठेवायचा आहे.